आधी तिथी, मग दुर्बीण : आक्षीचा किनारा आणि खारेपाटातला एक पक्षीदिवस

आक्षीच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा गेले तो पौषातला रविवार होता. संध्याकाळी चारच्या सुमाराला पोचले तर पाणी पार आत गेलेलं. ओल्या वाळूच्या टोकाला शेकडो पक्षी आहेत एवढं कळत होतं, पण दुर्बिणीतून दिसत होते ते नुसते ठिपके. शिवाय सूर्य समोर, त्यामुळे ते ठिपकेही काळे. दोन तास थांबले आणि एकाही पक्ष्याचं नाव खात्रीने लिहिता आलं नाही. परतताना शिंपल्या वेचून आलेल्या एका मावशींनी पाटी खाली ठेवत विचारलं, "पाखरं बघाया आलीस का बाय? मग भरतीला ये. पाणी भरलं की तीच येतात तुझ्याकडं."

त्या एका वाक्यावर माझं किनाऱ्यावरचं सगळं पक्षीनिरीक्षण उभं आहे. जंगलात पहाटे लवकर गेलं की बरंचसं काम होतं. किनाऱ्यावर घड्याळ पुरत नाही, तिथे पाण्याची वेळ बघावी लागते. ती सांभाळून अलिबाग तालुक्यात एक पूर्ण दिवस कसा आखायचा, सकाळी आक्षीचा समुद्रकिनारा आणि दुपारनंतर पोयनाडकडचा खारेपाट (खाडीलगतची, बांध घातलेली भातशेती), ते इथे क्रमाने लिहिते आहे.

दिवस ठरवताना

मोबाइलवर भरती-ओहोटीची कोष्टकं मिळतात आणि ती जरूर बघावीत. पण कोकणातल्या कोळ्यांचा हिशोब त्याहून सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. पंचमीला पावणेचार. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच.

यात एक बारकावा आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते आणि आपण धरतो पंचेचाळीस. रोजची ही चार-पाच मिनिटं साठत जातात, म्हणून पक्षाच्या शेवटी शेवटी पाऊणपटीचं उत्तर अर्धा-पाऊण तास लवकरचं येतं. त्रयोदशीला हिशोबाने पावणेदहा निघतात, प्रत्यक्षात पाणी सव्वादहाच्या सुमाराला पूर्ण भरतं. तेवढं मनात धरून ठेवायचं.

दुसरा विचार उजेडाचा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीमागे, सुरूच्या बनाकडून वर येतो आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतो. पायाचा रंग, चोचीचं मूळ, डोळ्याभोवतीची कडी, सगळं लख्ख दिसतं. दुपारी तीननंतर हेच पक्षी काळे पडतात. म्हणून किनारा सकाळी आणि पाणथळ दुपारनंतर, हा क्रम मी बदलत नाही. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या पाणथळीत, बांधावरून फिरता येतं, सूर्य पाठीशी घेऊन उभं राहायची जागा निवडता येते. समुद्रासमोर ती सोय नाही.

आता दोन्ही जोडा. सकाळी उजेड हवा आणि त्याच वेळी पाणी भरत असायला हवं. म्हणजे पूर्ण भरती साडेनऊ ते साडेदहा-अकराच्या दरम्यान हवी. ती येते द्वादशी, त्रयोदशी आणि चतुर्दशीला. महिन्यातून दोनदा असे तीन-तीन दिवस मिळतात. त्यांतला एखादा शनिवार-रविवारी आला की कालनिर्णयवर त्याला गोल करून ठेवायचा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं चढत नाही आणि पक्षी लांबच राहतात. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सगळ्यांत मोठं, पण तेव्हा भरती भर दुपारी येते आणि उन्हाच्या झळीत दुर्बिणीतलं चित्र थरथरतं.

महिने कोणते? ऑगस्टच्या शेवटापासून पक्षी उतरायला लागतात, पण सुखाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ज्यांची नजर थोडी बसली आहे त्यांनी मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात एक फेरी नक्की करावी. हिवाळाभर राखाडी-तपकिरी दिसणारे चिखले, म्हणजे प्लोव्हर, तेव्हा छातीवर विटकरी रंग चढवून परतीच्या तयारीत असतात. तोच पक्षी आहे यावर विश्वास बसत नाही.

आदल्या रात्री

मुंबईहून पहाटे निघून उजाडताना आक्षीला पोचायचा अट्टहास करू नये. गेटवेहून मांडव्याची पहिली लाँच पकडली किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडी नेली तरी किनाऱ्यावर पाय ठेवेपर्यंत सकाळचा चांगला वेळ निघून गेलेला असतो. आदल्या संध्याकाळी पोचावं. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला चार-पाच किलोमीटरवर आक्षी आहे आणि गावात घरगुती राहण्याची सोय होते. उजेड शिल्लक असेल तर गावातला शिलालेख बघून घ्या. शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२चा हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी एक आहे.

सामानात दुर्बीण ८×४२ची असली तर उत्तम. यात आठ म्हणजे किती पटीने मोठं दिसेल ते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहापटीची दुर्बीण किनाऱ्यावर जास्त दाखवते, पण समुद्राच्या वाऱ्यात हात हलतो. ग्रुपमध्ये कोणाकडे स्पॉटिंग स्कोप आणि तिपाई असेल तर त्या माणसाला सोडू नका. पायात जुने कॅनव्हासचे बूट, कारण शिंपल्यांच्या कडा अनवाणी पायाला कापतात. टोपी, पाणी, भिंग पुसायचा मऊ कपडा, वही आणि पेन्सिल. भिंगावर वाळू उडाली तर आधी फुंकर मारून ती घालवावी आणि मगच कपडा फिरवावा, नाहीतर ओरखडे कायमचे राहतात.

उजाडताना, वाळूवर

त्रयोदशी धरून चालू. पहाटे चारच्या सुमाराला ओहोटी झालेली आहे. आपण पावणेसातला सुरूच्या बनातून बाहेर येतो तेव्हा पाणी निम्मं भरत आलं आहे आणि वाळूचा पट्टा अजून मोठा आहे. इथे पहिला नियम: लगेच पाण्याकडे चालत सुटू नका. बनाच्या कडेला थांबून दहा मिनिटं नुसतं बघा. थवे कुठे आहेत, कुत्री कुठे आहेत, रापण ओढणारी माणसं कुठल्या बाजूला आहेत ते कळू द्या. मग खाडीच्या मुखाच्या बाजूला, पाण्याच्या रेषेपासून साधारण शंभर पावलं अलीकडे बसायला जागा धरा. बसायचं, उभं राहायचं नाही. बसलेल्या माणसाला पक्षी लवकर विसरतात.

यानंतर काम पाणी करतं. दर लाटेबरोबर मोकळी वाळू थोडी आखडते, पक्षी थोडे अलीकडे सरकतात. आठ वाजेपर्यंत जो थवा दोनशे पावलांवर होता तो साठ-सत्तर पावलांवर येतो. आपण हललो नाही तर ते येतात आणि आपण पुढे गेलो तर सगळे एकदम उठतात. एकदा जवळून फोटो मिळावा म्हणून मी गुडघे टेकत पुढे सरकत राहिले आणि बघता बघता चारशे-पाचशे पक्ष्यांचा थवा उठून नागावच्या दिशेने गेला. त्या सकाळी तो परत आला नाही. भरतीचे हे तास त्यांच्या विश्रांतीचे असतात. ओहोटीत खाल्लेलं पचवायचं, पंख साफ करायचे, एका पायावर डुलकी काढायची. मार्चमध्ये हजारो किलोमीटर उडायचं असतं आणि त्यासाठी चरबी साठवायची असते. प्रत्येक विनाकारण उड्डाण त्या साठ्यातून खर्ची पडतं. म्हणून थव्याने माना वर केल्या आणि चालायला सुरुवात केली की आपण थांबायचं, एवढी एक खूण प्रत्येकाने पाठ करावी.

खाडीच्या तोंडाशी मऊ गाळ आहे, वरून वाळूसारखाच दिसणारा. तिथे पाय टाकायचा नाही. भरतीत मागचे ओहळही भरतात आणि परतीची वाट पाण्याखाली जाते. "माघारी ये गो, पाणी भरतंय" अशी हाक किनाऱ्यावरच्या कुणी मारली तर वही मिटायची आणि निघायचं.

ओळखायचं कसं

नवख्या माणसाची इथे दमछाक होते, कारण सगळे पक्षी एकाच रंगाचे वाटतात. रंग आधी बघूच नका. चाल बघा.

पळतो, थबकतो, वाकून टिपतो, परत पळतो, तो चिखल्या. आखूड चोच, मोठे डोळे. डोळ्यांनी शिकार करणारा पक्षी आहे, त्याला थबकून बघावं लागतं. डोकं खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच वाळूत खुपसत चालत राहतो, तो तुतारीच्या, म्हणजे सँडपायपरच्या, कुळातला. तो चोचीच्या टोकाने चाचपडून शोधतो. एवढ्या एका फरकाने समोरचा निम्मा थवा वेगळा होतो.

चिखल्यांमध्ये मानेमागे पांढरी पट्टी पूर्ण फिरलेली दिसली तर केंटिश चिखल्या. ती नसेल आणि छातीच्या दोन्ही बाजूंना तपकिरी डाग असतील तर सँड प्लोव्हर. आक्षीला यांचीच गर्दी. पूर्वी याला लेसर सँड प्लोव्हर म्हणत. २०२३मध्ये त्याचे दोन पक्षी मानले गेले आणि आपल्याकडे येतो तो बहुतांशी तिबेटी सँड प्लोव्हर, तिबेटच्या पठारावर आणि लडाखात वीण करणारा. चोच जाड आणि लांब, पाय लांब आणि जरा पिवळसर वाटले तर ग्रेटर सँड प्लोव्हर असू शकतो. दोन्ही शेजारी उभे असल्याशिवाय मी हे नाव लिहीत नाही.

लाट मागे गेली की तिच्यामागे धावणारी आणि लाट आली की तिच्यापुढे पळणारी पांढुरकी टोळी म्हणजे सँडरलिंग. पाय इतके भराभर हलतात की दिसेनासे होतात. ध्रुवाजवळच्या टुंड्रात वीण करून हे आपल्याकडे येतात. याला मागचं बोट नसतं. ओल्या वाळूवर टोळी गेल्यावर पावलांचे ठसे बघा, फक्त तीन रेषा उमटलेल्या असतात.

टिलवा लाल पायांचा असतो आणि उडाला की पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी दिसते. धोका सगळ्यांत आधी तोच ओरडून सांगतो. गॉडविट दोन प्रकारचे: उडताना पंखात पांढरी पट्टी आणि काळी शेपूट असेल तर ब्लॅक-टेल्ड, यातलं काही नसेल आणि चोच किंचित वर वळलेली असेल तर बार-टेल्ड. पहिला चिखलात रमतो, दुसरा वाळूत. खाली वळलेली लांबलचक चोच असेल तर कर्ल्यू. तसाच पण लहान आणि डोक्यावर पट्टे असतील तर व्हिंब्रेल.

आणि कालवफोड्या. काळा-पांढरा, शेंदरी चोचीचा, गाजरच तोंडात धरल्यासारखा. मुंबईजवळ याच्यासाठी आक्षीला जावं. एकदा जेमतेम चाळीस पावलांवर एक पक्षी शिंपल्यावर काम करताना बघितला. त्याने शिंपला आधी चोचीने फिरवून घेतला, फट वर आली तशी चोच आडवी-उभी सरकवली, बाजूने चपटी असल्यामुळे ती सुरीच्या पात्यासारखी आत गेली. दोन झटके दिले, शिंपले धरून ठेवणारा स्नायू तुटला, आणि झाकण उघडं पडलं. आतलं पांढरं मांस ओढून काढलं, पाण्यात हलवून धुतलं आणि गिळलं. हे सगळं मी पाणी न पिता, दुर्बीण न हलवता बघत होते.

कुरव म्हणजे गल, यांच्या थव्यात आधी आकारावरून वाटणी करा. सर्वांत मोठा, काळं-पिवळं-लाल टोक असलेल्या चोचीचा तो पॅलासचा कुरव. फेब्रुवारीत याचं डोकं काळं व्हायला लागतं. मोठाच पण गडद राखाडी पाठीचा तो ह्यूग्लिनचा. मध्यम आकाराचा, फिक्या डोळ्यांचा, पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असलेला तपकिरी डोक्याचा कुरव. जरा लहान, पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा त्रिकोण असलेला काळ्या डोक्याचा. हिवाळ्यात दोघांच्याही डोक्यावर नावातला रंग नसतो, कानामागे नुसता एक डाग असतो, हे ध्यानात ठेवा. त्यांच्यातच आखूड पायांचे सुरय, म्हणजे टर्न, बसलेले असतात. त्यांना शेवटी घ्या.

मोजताना दहा पक्षी मोजायचे, ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यात भरायचं आणि तेवढे तुकडे थव्यावर ठेवत जायचं. "खूप" असं वहीत लिहू नका. दोनशेच्या जागी अडीचशे लिहिले तरी चालेल, पण आकडा हवा.

दुपार

दहा-साडेदहाला पाणी भरतं, किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्या आणि घोडागाड्या सुरू होतात, थवे खाडीच्या आत जातात. आपण निघायचं. आंघोळ, जेवण, तासभर झोप. वाटेत पांढऱ्या कांद्याची माळ घ्या. ज्यांना झोपायचं नसेल त्यांनी अलिबागच्या उत्तरेला किहीमला जाऊन यावं. १९३०च्या पावसाळ्यात पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास तिथे केला. नर एकामागून एक घरटी अर्धवट विणतो, मादी येऊन पसंत करते आणि मगच ते घरटं पूर्ण होतं, हे त्यांना समजलं ते तिथल्या घरट्यांकडे रोज बघत बसून.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतील का, असं प्रत्येक जण विचारतो. रोहितांसाठी ठाण्याची खाडी आहे. तिथे २०१५पासून अभयारण्य आहे आणि २०२२पासून ती रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत आहे. तो दिवस वेगळा ठेवा.

तीननंतर, खारेपाटात

अलिबाग-वडखळ रस्त्यावर पोयनाडच्या आजूबाजूचा, खाडीकडे उतरत गेलेला पट्टा म्हणजे खारेपाट. समुद्राच्या पाण्याला बांध घालून मिळवलेली ही भातशेती. बांधाला उघाडी असते. ओहोटीत ती उघडते आणि शेतातलं पाणी खाडीत जातं, भरतीत खारं पाणी तिला दाबून बंद करतं. घरापुढे तळं आणि तळ्यात जिताडे मासे. याच खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३पासून सहा वर्षं संप केला. ही माहिती पक्षी बघायला जाणाऱ्याला हवीच, कारण आपण चालतो तो बांध कुणाच्या तरी पिढ्यांनी चिखल उपसून घातलेला आहे.

काही ठिकाणी बांधाला खांड गेली, ती वेळेत बुजवली गेली नाही आणि खारं पाणी शेतात येत राहिलं. तिथे आता तिवरं उगवली आहेत आणि पक्षी भरपूर आहेत. आपल्याला तिथे आनंद होतो. ज्याचं भात गेलं तो शेजारीच उभा असतो. त्याच्यासमोर "किती छान झालंय इथे" असं बोलू नये. आधी नमस्कार करावा, कशासाठी आलो ते सांगावं, विचारून बांधावर चढावं. मला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही, उलट कुठल्या कोंडीत काय उतरतं ते तिथल्याच काकांनी दाखवलं आहे. जिताड्याच्या तळ्यात पाणकावळे उतरले तर त्यांना हाकलायचा त्यांचा हक्क आहे, त्यावर प्रवचन देऊ नये.

चालायचं पश्चिमेच्या बांधावरून, पूर्वेकडे बघत. सूर्य पाठीशी राहतो. चारला ओहोटी असल्याने खाडीचे ओहळ चिखल उघडा टाकून बसलेले असतात. तिवरांच्या मुळांपाशी नजर ठेवा: काळ्या डोक्याचा खंड्या, सामान्य तुतारी, समुद्र बगळा. बांधाच्या आतल्या गोड्या पाण्यात मंडळी निराळी. शेकाटे लाल काटकुळ्या पायांवर उभे, ठिपकेदार तुतारी, कापणी झालेल्या खाचरात गायबगळे आणि वंचक. वंचक अंग आखडून बसला की ढेकळासारखा दिसतो, उडाला की एकदम पांढरा होतो. खोल पाण्यात वारकरी, म्हणजे कूट, आणि हळदीकुंकू बदकं. चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू, हे नाव ज्याने ठेवलं त्याने पक्षी जवळून बघितला होता. चित्रबलाक आणि मुग्धबलाक पाण्यात चोच बुडवून चाचपडत असतात. मुग्धबलाकाची चोच मिटली तरी मधे फट राहते.

टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली तर थांबा आणि पायाखाली बघा. जवळपास अंडी किंवा पिल्लं असण्याची शक्यता असते. आल्या पावली मागे फिरायचं, फोटो काढायचा नाही, जागा ग्रुपवर टाकायची नाही. पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवून त्यांना बोलावणंही इथे नको.

पाच वाजले की उंच गवत आणि पाणकणीस माजलेल्या एखाद्या खाचराजवळ बसून घ्या. दलदल भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर, मुक्कामाला अशा ठिकाणी येतात. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून, गवताच्या शेंड्यांना लागेल इतक्या खालून एक येतो. मग दुसरा. दिवसभर एकेकटे फिरणारे हे शिकारी अंधार पडताना एकाच गवतात उतरतात. एकदा उतरलेला परत उठून चक्कर मारतो, म्हणून मोजताना प्रत्येकाचं फक्त शेवटचं उतरणं धरायचं.

रात्री, वहीतून यादीत

किनाऱ्याची यादी वेगळी, खारेपाटाची वेगळी. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत असाल तर सुरुवातीची वेळ, चाललेलं अंतर आणि प्रत्येक जातीचा आकडा द्या. न ओळखलेल्या चिखल्यांना "चिखल्या, अनोळखी" असंच ठेवा. अंदाजाने लिहिलेलं नाव नंतर कुणालाही पडताळता येत नाही. आकडे नीट असतील तर जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घ्या. १९८७पासून ती दरवर्षी होते आणि किनाऱ्यावरच्या मोजणीला माणसं कमी पडतात.

यादीच्या माथ्यावर तारखेशेजारी मी तिथी लिहिते, आणि पक्षी सर्वांत जवळ आले ती वेळ. मागच्या त्रयोदशीच्या पानावर लिहिलं आहे: पौष शुद्ध १३, वारा उत्तरेचा, ८ वाजून ४० मिनिटांनी कालवफोडे नऊ, पन्नास पावलांवर, पाणी अजून चढतंय.